टक्कल, गहू आणि कारणाचा शोध

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांना तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. हा खारपाणपट्टा, म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे विंचूदंशावरील कामामुळे परिचित असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट व केसांत १५० पट वाढल्याचे त्यांनी सांगितले.

या म्हणण्याची जमेची बाजू भक्कम आहे. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या लगेच खाली बसते. केस व नखे ज्या केराटिनची बनतात, त्याला बळकटी गंधकाच्या बंधांनी येते. तेथे सेलेनियम शिरले की केराटिन दुबळे होते, असे मानतात. चीनमधील एन्शी भागात १९६०च्या दशकात सेलेनियमच्या विषबाधेने लोकांचे केस आणि नखे गळली होती. शेगाव तालुक्यातही एप्रिल २०२५ मध्ये नखगळतीच्या तक्रारी आल्या.

पण 'इतके पट' एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. तोच गहू खाऊनही ज्यांचे केस शाबूत राहिले, त्यांच्या रक्ताशी तुलना हवी. शिवाय सेलेनियम आधी वाढले आणि केस नंतर गळले, हा क्रमही दिसायला हवा.

हे किती अवघड असते, ते मल्टिपल स्क्लेरॉसिसवरून कळते. या रोगात शरीराची संरक्षणयंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. एपस्टाइन-बार विषाणूवर संशय जुना होता; पण तो नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना होऊन गेलेला असतो. मग तुलना कोणाशी करायची? २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांनी वाट दाखवली. ८०१ रुग्णांपैकी ३५ जणांना सुरुवातीला हा संसर्ग नव्हता. त्यांतील ३४ जणांना तो रोगापूर्वी झाला. संसर्गानंतर धोका ३२ पट वाढला. दुसऱ्या एका सर्वसामान्य विषाणूने मात्र तो वाढला नाही. तरीही संसर्ग झालेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. म्हणजे विषाणू आवश्यक दिसतो, पुरेसा नाही.

शेगावला आधीचे रक्त साठवलेले नव्हते. पण केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. न गळलेल्या लांब केसाचे तुकडे क्रमाने तपासले, तर सेलेनियम केव्हा चढले याची नोंद त्यातच मिळू शकते.

वर्गात फळ्यावर चार चौकटी आखाव्यात: गहू खाल्ला, नाही खाल्ला, केस गळले, नाही गळले. बातमीतले आकडे बहुधा एकाच चौकटीत बसतात. उरलेल्या तीन विद्यार्थ्यांनी मागायला शिकले पाहिजे. कारण चुकले, तर गाव पाणी बदलत बसेल आणि दोष धान्यात राहील. किंवा नेमके उलट होईल.