साक्षीतला स्वल्पविराम कोणाचा?

जिल्हा न्यायालयातून जुन्या खटल्यातल्या साक्षीची नक्कल हातात पडली, की ती टाइप करताना बोटं शिवशिवतात. इथे पूर्णविराम टाकू, तिथे वाक्य तोडू. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, म्हणून सांगते. मुद्रितशोधनाच्या टिपाही हेच शिकवतात: वाचक अडखळता कामा नये. लेखासाठी ठीक आहे, पण साक्षीच्या बाबतीत हा सल्ला मला घातक वाटतो.

हे वाक्य बघा (मीच रचलंय): ‘मी पाहिलं नाही त्याने मारलं’. ‘नाही’नंतर थांबलात तर साक्षीदार ऐकीव सांगतोय. ‘पाहिलं’नंतर थांबलात तर तो आरोपीला सोडवतोय. म्हणजे तुमचा एक पूर्णविराम निकाल देऊन मोकळा!

आपल्या नगरचंच प्रकरण घ्या. 31 मे आणि 1 जून 1916 ला टिळक इथे होमरूलवर बोलले. ही दोन भाषणं आणि बेळगावचं एक, एवढ्यावरून कलम 108 खाली त्यांच्याकडे 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी 10,000 चे दोन जामीन मागितले गेले. भाषणं मराठी, टिपणं पोलिसांच्या लघुलेखकांची, आणि कोर्टापुढे वाचली गेली ती इंग्रजी भाषांतरं. बोलणारा कुठे थांबला, कुठे उपरोधाने बोलला, हे लघुलिपीत कितीसं उतरणार? विरामचिन्हं पडतात ती नंतर, टेबलाशी बसून. 9 नोव्हेंबर 1916 ला मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. न्या. बॅचलर यांचा मुद्दा होता की सुटी वाक्यं न उचलता भाषण सलग वाचा. मला हा निकाल आपल्यासाठी वाचनाचा धडाच वाटतो.

आजच्या साक्षीत तर प्रश्नच गायब असतो. सत्र न्यायालयात साक्ष साधारणपणे कथनाच्या रूपात नोंदवतात (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 276, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 311). त्यामुळे ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’ अशी वाक्यं दिसतात. नवख्याला वाटतं, साक्षीदार आपणहून एवढं बोलला. खरं तर वाक्य उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचं, साक्षीदाराचा शब्द फक्त ‘नाही’. ‘की’नंतरचा तो स्वल्पविराम व्याकरणाला खटकेल, पण वकिलाचं बोलणं तिथूनच सुरू होतं. तो पुसलात तर खूणच गेली.

साक्ष वाचून दाखवल्याची नोंद, साक्षीदाराने सुचवलेली दुरुस्ती, हेही उतरवून घ्या. घाईत तेच सुटतं.

मी आता दोन फाइली ठेवते. पहिलीत नक्कल जशीच्या तशी, टायपिस्टच्या चुकांसकट, पान आणि ओळ क्रमांकासह. दुसरीत माझी चिन्हं, सगळी चौकटी कंसात. वेळ दुप्पट लागतो. प्रबंधात उद्धृत करताना मात्र पहिलीच उघडायची.