गृहभेटीचा अहवाल : कथनमीमांसेच्या दिशेने

मुलाच्या ताब्याच्या दाव्यात समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ती घरी जाते, पाहते, विचारते आणि न्यायालयासाठी अहवाल लिहिते. हा अहवाल कथनात्म संहिता म्हणून वाचला जावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ‘आई उशिरा परतते असे समजले’ या धर्तीचे वाक्य घेऊ. कोणाला समजले, कोणाकडून, हे वाक्यरचनेतच लोपते आणि दृष्टिकोन वस्तुस्थितीचे रूप धारण करतो.

या लोपाला कायद्याचे बळ आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम ४ न्यायाधीशांच्या निवडीत विवाहसंस्थेच्या जतनाविषयी बांधिलकी अपेक्षिते. कलम १२ साहाय्यक तज्ज्ञ शक्यतो स्त्री असावी असे सुचविते. घर पारखणे हे जणू स्त्रीचेच क्षेत्र! कलम १४ अन्वये, पुराव्याच्या कायद्याने एरवी अग्राह्य ठरणारा अहवालही स्वीकारता येतो. ऐकीव माहितीला वजन येते ते येथे.

दिल्लीत कौटुंबिक न्यायालये २००९ मध्ये आली. या महानगरात वसंत कुंजातील सदनिका आणि संगम विहारातील भाड्याची खोली एकाच मोजपट्टीने मोजली, तर काय घडेल? बंद दाराआडचे मौन हा शिष्टाचार ठरेल. दाटीच्या वस्तीत मात्र शेजाऱ्याची नजर साक्ष होईल. मुलाची स्वतंत्र खोली वात्सल्याची खूण, तर मोलकरणीचे दिवसभर घराबाहेर असणे हे दुर्लक्ष मानले जाईल. बापाचे उशिरा येणे मात्र कष्टच.

ताराबाई शिंदे यांनी सुरतेतील एका ब्राह्मण विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) लिहिली. स्त्रीला लावलेला दोष पुरुषालाही लावून पाहणे, ही त्यांची रीत. अहवालाचे वाचन याच रीतीने, कर्ता आणि वस्ती बदलून, करता येईल.

गीता हरिहरन या कादंबरीकार मातेच्या याचिकेवर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालकत्वाच्या कायद्यातील ‘पित्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने लिंगभावी साचेबंद शब्दांना पर्याय सुचविणारी पुस्तिका काढली. परंतु अहवालातील मूल्यभाव एखाद्या विशेषणात सापडेलच असे नाही. काय टिपले आणि काय वगळले, यात तो दडलेला असतो. म्हणून अहवालात निवेदकाने ‘मी’ म्हणून उभे राहावे आणि प्रत्येक विधानाचा स्रोत सांगावा. ज्या मातेचे मूल पणाला लागलेले आहे, तिला निदान उलट विचारता येईल.