चेटकिणीची उमेदवारी : एका कादंबरीमालेचा विचार

इंग्रज विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांनी टिफनी एकिंग या मुलीला नायिका करून पाच कादंबऱ्या लिहिल्या. ‘द वी फ्री मेन’ (२००३) मध्ये ती नऊ वर्षांची आहे. ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’ (२००४) मध्ये अकराव्या वर्षी ती चेटकिणीची उमेदवारी करण्यास घर सोडते. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द शेफर्ड्स क्राऊन’ (२०१५) मध्ये तिचे शिक्षण पूर्णत्वास जाते. गेल्या उन्हाळ्यात टेंभुर्णीस (ता. जाफराबाद, जि. जालना) घरच्या मुलांना ही कथा मराठीतून सांगत असता शेजारी बसलेल्या वृद्ध आत्याबाईंनी मध्येच विचारले, “ही कशाची चेटकीण? ही तर सुईण.” प्रस्तुत टिपण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

आत्याबाईंचा आक्षेप निराधार नाही. ज्या मिस लेव्हलकडे टिफनी उमेदवारीस राहते, तिचा दिनक्रम घरोघर फिरण्याचा आहे. बाळंतपणे करावयाची, आजाऱ्यास औषध द्यावयाचे, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करावयाची. या कामाचे पैसे मिळत नाहीत. कोणी खाण्याचा जिन्नस देते, कोणी जुने कपडे. मंत्र शिकण्याच्या उमेदीने आलेल्या मुलीचा येथे हिरमोड होतो, आणि वाचकाचाही व्हावा अशीच लेखकाची योजना आहे. विद्या कोठे आहे, हे तिला फार उशिरा उमगते.

वस्तुतः तिचे शिक्षण या फेऱ्यांपूर्वीच, आणि तेही शब्दांपासून, सुरू झालेले आहे. घरातला शब्दकोश तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे, कारण तो तसा वाचावयाचा नसतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. परीकथेतील राक्षसिणीचे डोळे ताटलीएवढे असल्याचे वाचताच ती उठून खरी ताटली मोजते. तिची मेंढपाळ आजी मेंढ्या मोजताना ‘यान, टॅन, टेथेरा’ अशी जुनी गणती वापरते. त्या गणतीतील विसाचा शब्द ‘जिगिट’ हेच विसाव्या नातीचे लाडके नाव होते. ही गणती लेखकाची कल्पना नव्हे. उत्तर इंग्लंडच्या मेंढपाळांत ती प्रत्यक्ष आढळते, आणि तिचा संबंध ब्रिटनमधील प्राचीन केल्टिक भाषांशी जोडला जातो. आपल्याकडील विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ या मोजणीचे तेलुगु संख्यावाचकांशी असलेले नाते ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यातील मर्म सहज कळेल. व्यवहारातून गेलेली भाषा काम करणाऱ्या अथवा खेळणाऱ्या माणसांच्या तोंडी टिकून राहते. टिफनीस आजीकडून मिळालेला वारसा हा अशा शब्दांचा व मेंढ्यांच्या निगराणीचा आहे. आजी स्वतःस कधीच चेटकीण म्हणवीत नाही.

मग लेखकाने नायिकेस हे नाव का द्यावे? याचे उत्तर पहिल्या कादंबरीतील मिसेस स्नॅपर्ली या वृद्धेच्या हकीकतीत आहे. सरंजामदाराचा मुलगा नाहीसा होतो. गावाबाहेर एकटी राहणारी, दात पडलेली, स्वतःशी पुटपुटणारी म्हातारी गावास आयतीच सापडते. तिचे घर जाळले जाते आणि पुढे हिवाळ्यात ती मरते. तिला जादू येत नव्हती. ती केवळ परीकथेतील वर्णनात बसत होती. असे पुन्हा घडू नये म्हणून टिफनी चेटकीण होण्याचे ठरविते. विनोदाच्या आवरणाखाली मालेचा हा गाभा आहे, आणि चौथ्या कादंबरीत (‘आय शॅल वेअर मिडनाइट’, २०१०) तोच द्वेष खुद्द टिफनीच्या दाराशी येतो.

मराठीत ‘-ईण’ हा प्रत्यय पुष्कळदा नवऱ्याच्या नात्याने स्त्रीस नाव देतो : पाटील–पाटलीण, सुतार–सुतारीण. सुतारीण होण्यास सुतारकाम शिकावे लागत नाही. ‘सुईण’ व ‘चेटकीण’ हे शब्द या रांगेत बसत नाहीत; त्यांचा अर्थ कोणा पुरुषावर अवलंबून नाही. परंतु सुईण हे नाव बाईला तिच्या कामाने मिळते, तर चेटकीण हे नाव तिच्यावर इतर लोक लादतात. मांत्रिक, देवऋषी, भगत या पुरुषांस व्यवसायाची प्रतिष्ठा आहे. चेटकीण व डाकीण हे मात्र आरोप आहेत. आपल्या बालरंगभूमीनेही, उदाहरणार्थ रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ने, चेटकिणीस हास्यास्पद करून तिचे भय घालविले, परंतु तिला काम दिले नाही. हा भेद केवळ कोशातला नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यास, एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्राने गुरांचे दूध आटविते असे जाहीर करणे, हा गुन्हा ठरवावा लागला. मिसेस स्नॅपर्लीची हकीकत आपणांस परकी नाही.

दुसऱ्या कादंबरीतील मुख्य संकटही याच दृष्टीने पाहावयास हवे. अंगभर दिसेल असा आरसा नसल्याने टिफनी देहाबाहेर पडून स्वतःकडे पाहण्याची युक्ती करते, आणि त्या मोकळ्या देहात एक परका जीव शिरतो. त्याच्या अमलाखाली ती एका म्हाताऱ्याने आपल्या दफनासाठी जपून ठेवलेले पैसे घेते. मिस लेव्हलच्या फेरीतील घर ते हेच. जादू नायिकेस जेव्हा खरोखर साध्य होते, तेव्हा तिचे पहिले फळ गरिबाची चोरी हे असते. सामर्थ्य आणि विद्या यांतील अंतर याहून नेमके दाखविणे कठीण आहे.

दोष नाहीत असे नाही. पहिल्या कादंबरीतील परीराज्याचा प्रवास स्वप्नांत स्वप्ने गुंफून लांबविला आहे. निळ्या, भांडखोर बुटक्यांचा विनोद त्यांच्या स्कॉटिश बोलीवर फार विसंबतो. मराठी अनुवादकास तेथे वऱ्हाडी योजण्याचा मोह होईल. परंतु बुलढाण्याच्या सीमेजवळील टेंभुर्णीसारख्या गावी ज्या बोलीत सुखदुःखाचे सारे बोलणे होते, ती केवळ हसण्याची बोली ठरावी हे अन्यायाचे होईल.

नावाचा प्रश्न उरतो. कामापुरते पाहिले तर आत्याबाईंचे म्हणणे बरोबर आहे. तथापि अनुवादात ‘सुईण’ हा शब्द घातला, तर मिसेस स्नॅपर्लीच्या मृत्यूचा टिफनीच्या निश्चयाशी असलेला संबंध तुटेल. जे नाव लावून एका म्हातारीस घालविले, तेच नाव एक मुलगी बाळंतपणे व रुग्णसेवा करीत उघडपणे वागविते, यातच तिच्या उमेदवारीचा अर्थ आहे. म्हणून मराठीतही शब्द ‘चेटकीण’ हाच असावा. तो कानास खटकेल. तो खटकणे आवश्यक आहे.