सृष्टिस्तोत्रातील एक अव्यय

असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास उंब्रियाच्या बोलीत सृष्टिस्तोत्र रचिले. त्यात चंद्र, वारा, पाणी, अग्नी व पृथ्वी यांच्या नामांपूर्वी ‘पेर’ हे अव्यय येते. ईश्वराची स्तुती सृष्टीबद्दल, सृष्टीकडून, की सृष्टीच्या द्वारा, हा भाषांतरकारापुढील प्रश्न होय. ‘बद्दल’ म्हटल्यास सृष्टी मानवास मिळालेली देणगी ठरते. कवी पाण्यास उपयुक्त म्हणतो, हे त्या अर्थास पोषकच आहे. ‘कडून’ म्हटल्यास, स्तोत्रसंहितेतील १४८ व्या स्तोत्राप्रमाणे, सृष्टी स्वतःच स्तवन करू लागते. परंतु त्याआधीच्या सूर्यविषयक कडव्यात ईश्वर सूर्याच्या द्वारा आम्हांस प्रकाश देतो, असे सांगताना कवीने हेच अव्यय योजिले आहे. म्हणून ‘द्वारा’ हा अर्थ आम्हांस मूलभूत वाटतो. नेत्रविकारामुळे प्रकाश असह्य झाला असताही सूर्यास बंधू म्हणणाऱ्या कवीची दृष्टी उपयोगापाशी थांबत नाही. सृष्टीतून ईश्वराकडे पाहणे हेच त्याचे ध्यान होय. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या पर्यावरणविषयक परिपत्रास याच स्तोत्रातील शब्दांचे नाव दिले. त्यामुळे हा वाद केवळ व्याकरणाचा राहत नाही. ‘बद्दल’ एवढेच स्वीकारिल्यास कृतज्ञता उरेल. परंतु सृष्टीचा नाश हा ध्यानाच्या साधनाचाच नाश होय, हा आशय मात्र मराठीत गळून पडेल.