कात्री न लावलेलं सत्य
३० डिसेंबर २००६ रोजी सद्दाम हुसेनला फाशी झाली. सरकारी चित्रफीत मूक होती आणि खालची फळी सरकण्याआधीच संपत होती. मोबाइलवर चोरून घेतलेल्या चित्रीकरणात मात्र त्याला मारलेले टोमणे ऐकू आले. 'लाइव्हलीक'सारख्या साइटवर ते झळकलं. तिथे उघडं दृश्य पुरावा ठरलं, हे मला मान्य आहे.

पण २०१४मध्ये 'आयसिस'ने पत्रकार जेम्स फोलीचा खून कॅमेऱ्यासाठीच केला. उघडकीला आणण्यासारखं काही नव्हतंच; त्यांना प्रेक्षकच हवा होता. यापुढे त्यांचे शिरच्छेद दाखवायचे नाहीत, असं 'लाइव्हलीक'नेही तेव्हा ठरवलं. २०२१मध्ये ती साइट बंद झाली.

रक्त किती दिसतं, हा निकष फसवा आहे. दृश्य कुणाला लपवायचं होतं, ते विचारा. मारणाऱ्यालाच ते पसरायला हवं असेल, तर आपला फॉरवर्ड त्याचंच काम करतो.