खोटं बोलणारी चिप आणि पुरावा हरवलेला बिट

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना मी पेपर वाचायला देण्याआधी एक फंक्शन वाचायला देतो. लिनक्स कर्नलच्या बीटीयूएसबी ड्रायव्हरमधलं, सीएसआरचे ब्लूटूथ कंट्रोलर सुरू करणारं. मला ते फार आवडतं, आणि त्याच्याबद्दल माझी एक मोठी तक्रारही आहे. आज दोन्ही सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. यूएसबी ब्लूटूथ डाँगल लावला की कर्नल त्यातल्या कंट्रोलरला एचसीआय नावाच्या ठरलेल्या भाषेत एकामागून एक कमांड पाठवतो. तू कोण, तुझी आवृत्ती कुठली, तुला काय काय येतं? या सुरुवातीच्या प्रश्नोत्तरात एखाद्या कमांडला उत्तरच आलं नाही किंवा एरर आली, तर बहुतेक वेळा सगळी सुरुवातच फसते. म्हणजे जी सोय तुम्ही जन्मात वापरणार नाही, तिच्यापायी साधा माउसही जोडता येत नाही. यावर कर्नलचा उपाय म्हणजे ‘क्वर्क’: या यंत्राला ही खोड आहे, तेव्हा ही कमांड पाठवू नका, असं सांगणारा एक बिट.

सीएसआर म्हणजे केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, २०१५ मध्ये क्वालकॉमने विकत घेतलेली कंपनी. तिच्या चिपांच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, आणि त्या यूएसबीवर अस्सल चिपचीच ओळख सांगतात: ०ए१२, ०००१. मग खरा कोण, खोटा कोण? फंक्शन उलटतपासणी घेतं. उत्पादक क्रमांक १० आहे का? फर्मवेअरचा क्रमांक आणि ब्लूटूथची आवृत्ती जुळते का? जुन्या फर्मवेअरचा क्रमांक सांगून नव्या आवृत्तीचा दावा करणारा इथे पकडला जातो. जन्मदाखल्यावरचं साल आणि दहावीचं साल जुळत नाही, तसंच.

पुढची टिप्पणी तर कादंबरीत शोभेल अशी आहे. काही नकली चिपांच्या ज्या वाटेने डेटा यायचा, ती वाट यंत्राला एकदा तरी झोपवल्याशिवाय उघडतच नाही! लिहिणाऱ्यालाही ते पटणार नाही असं वाटलं असावं, कारण त्याने कंसात ‘हो, खरंच’ अशा अर्थाचे शब्द टाकलेत. तिथे दोन चिपा नोंदवल्या आहेत. एक बॅरटची. दुसरी तिच्या अंगावर छापलेल्या अक्षरांवरून, म्हणजे कुणीतरी डाँगल फोडून आत पाहिलंय. याला मी संशोधन म्हणतो.

आता तक्रार. एवढं बारीक निरीक्षण करून शेवटी सगळं एकाच होय-नाहीमध्ये ओतलंय: नकली की अस्सल. नकली ठरला की प्रत्येकाला तेच क्वर्क, आणि प्रत्येकाला एकदा सक्तीची झोप. पण नकली हा काही एक आजार नव्हे. वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या चिपांना ते दिलेलं एकच नाव आहे. कुठला क्वर्क कुठल्या चिपमुळे आला, हे बिटाकडे बघून कळत नाही.

याची किंमत २०२२ मध्ये दिसली. ‘इरोनियस डेटा रिपोर्टिंग’ नावाच्या एका कमांडसाठी या डाँगलांवर क्वर्क होता. एका पॅचमालिकेने तो काढून टाकला. युक्तिवाद स्वच्छ होता: कंट्रोलर स्वतःच फीचर-बिटातून सांगतो की त्याला हे येतं की नाही, मग वेगळा क्वर्क कशाला? मी परीक्षक असतो तर बहुधा मीही होकार दिला असता. पण नकली चिप फीचर-बिटातही खोटंच बोलते. डाँगल पुन्हा बंद पडले, आणि त्याच वर्षी क्वर्क परत आणावा लागला. साक्षीदार खोटा आहे म्हणून नोंद ठेवली होती. ती नोंद त्याच साक्षीदाराच्या शब्दावर खोडली गेली.

‘गिट लॉगमध्ये आहे की सगळं!’ असं कुणी म्हणेल. आहे, बरोबर आहे. पण काढणाऱ्यासमोर कोड असतो, लॉग खणावा लागतो. शिवाय ते यंत्र त्याच्या टेबलावर नसतंच. मेंटेनरकडे जगातला प्रत्येक स्वस्त डाँगल असावा ही अपेक्षाच चूक, आणि म्हणूनच लिहिलेला पुरावा महत्त्वाचा. हे जमतं, याचं उदाहरण त्याच ब्लूटूथ कोडमध्ये आहे: अॅक्शन्स सेमीकंडक्टरच्या एटीएस२८५१ चिपसाठी घातलेल्या क्वर्कच्या टिप्पणीत चिपचं नाव आणि ‘येतं असा चुकीचा दावा करते’ हे कारण, दोन्ही आहे. उद्या काढायचा झाला तर कुठलं यंत्र शोधायचं ते ठाऊक आहे.

जाता जाता: हे सगळे बिट एका पूर्णांकात ठेवले होते, आणि ३२-बिट यंत्रांवर त्यात जागाच उरली नव्हती. २०२५ मध्ये त्याच्या जागी बिटमॅप आला. खोड्यांची यादी एका शब्दात मावेनाशी झाली.

हे मला इतकं का लागलं? पहिल्या वर्षी मी कनेक्शनला लागणारा वेळ मोजत होतो, एकसारख्या दिसणाऱ्या चार डाँगलांवर. तीन आठवड्यांनी सहज डीमेसेज उघडलं, तर त्यातल्या तिघांबद्दल कर्नल पहिल्या दिवसापासून सांगत होता की हे क्लोन आहेत, तोडगे लावतोय. मी आलेखातला फरक प्रोटोकॉलच्या माथी मारून मोकळा झालो होतो. गाइडनी फक्त विचारलं, ‘लॉग पाहिला होतास?’ सगळी मापं फेकली.

आता प्रत्येक डाँगलवर चिकटपट्टी आहे: उत्पादक क्रमांक, फर्मवेअर, कुठली कमांड कुठल्या कर्नलवर फसली, तारीख. चौथ्याची पट्टी मात्र अर्धी कोरी आहे. तो १० सांगतो, फर्मवेअर जुळतं, उलटतपासणीत पास होतो, आणि तरी अधूनमधून गप्प बसतो. गप्प बसण्याआधी शेवटची कमांड कुठली गेली, ते सध्या बीटीमॉनच्या नोंदीत शोधतोय.