दुहेरी ठसा कीं सरकलेला घाव? एका टिपणाचें परीक्षण

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं वाशीम जिल्ह्यांतील बाजारांतून व यात्रांतून मिळविलेल्या चौदा नाण्यांविषयीं एक टिपण सिद्ध करून तें नाण्यांसह अभिप्रायार्थ शिरपूर जैन येथें आमच्याकडे धाडिलें. त्यांत नऊ शिवराया, व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचे १८६२ सालाचे चार रुपये व एक पाव आणा आहे. या चौदाही नाण्यांवर अक्षरें अगर अंक दुणावलेले दिसतात, एवढ्यावरून टिपणकारांनीं तीं सारीं 'दुहेरी ठशाचीं' म्हणून एकाच वर्गांत घातलीं आहेत. आणि एका रुपयावरील बिंदूंची संख्या नवी ठरवून तो आजवर कोणींच न नोंदलेला प्रकार असल्याचें प्रतिपादिलें आहे. परिश्रम स्तुत्य आहेत. वर्गीकरण मात्र आम्हांस मान्य करितां येत नाहीं, आणि टिपण छापून निघण्यापूर्वींच तें सांगणें हें स्नेहाचें कर्तव्य आहे.

हस्तलिखितांशीं परिचय असलेल्या वाचकांस हा भेद समजावयास जड जाऊं नये. आदर्श प्रतींतच एखादा शब्द दोनदां लिहिलेला असेल, तर तिजवरून उतरलेल्या प्रत्येक पोथींत तो दोनदां येतो. पण एखाद्या लेखकाचा हात चळून एकाच पोथींत अक्षर दुणावलें, तर तो दोष त्या पोथीपुरता. पहिला मातृकेचा दोष, दुसरा लेखकाचा. पाठनिर्णय करणारा या दोहोंची गल्लत करील तर त्याचें सारें वंशवृक्षाचें गणित चुकेल.

यंत्रानें पाडलेल्या नाण्यांतही नेमकें हेंच आहे. उठावाचें चित्र असलेल्या पोलादी तुकड्यास टांकसाळींत 'हब' म्हणतात. तो मऊ पोलादावर दाबून उलट्या चित्राचा ठसा तयार होतो. पूर्वीं एका दाबानें चित्र पुरतें उमटत नसे, म्हणून ठसा तापवून मऊ करावयाचा व पुन्हां दाबावयाचा, अशी रीत होती. दुसऱ्या खेपेस हब केसभर फिरला किंवा सरकला, कीं ठशांतच दोन चित्रें उमटलीं. अशा ठशाखालून निघालेलें प्रत्येक नाणें तोच दोष घेऊन येतें. अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या टांकसाळींतून १९५५ सालीं निघालेला एक सेंट याचें प्रसिद्ध उदाहरण होय. त्यावरील साल व अक्षरें नुसत्या डोळ्यांस दोन दिसतात, आणि तसे वीस हजारांहून अधिक सेंट लोकांच्या हातीं गेले. ते सारे एका ठशाचे, म्हणून सारे एकसारखे.

याच्या उलट, ठसा निर्दोष असून तो यंत्रांत सैल बसलेला असेल, तर घाव पडल्याच्या क्षणींच तो किंचित् सरकतो आणि नुकतीं उमटलेलीं अक्षरें एका अंगास रेटतो. येथें दुसरें अक्षर निर्माण होतच नाहीं. असलेल्या अक्षराची कड दबून तिची एक सपाट, चकचकीत पायरी होते. म्हणून खऱ्या दुहेरी ठशांत अक्षर रुंदावतें, तर येथें मूळ अक्षर उलट बारीक झालेलें आढळतें. दहापट भिंगाखालीं एका बाजूनें प्रकाश घेऊन पाहावें. खऱ्या दुहेरींत दोन्ही रेघा गोलसर असतात आणि अक्षरांच्या टोकांशीं फांकलेली खांच दिसते. सरकलेल्या घावांत ती खांच नसते. घांसून जुन्या झालेल्या ठशानें अक्षरांच्या कडा पसरतात, तो तिसराच प्रकार. शिवाय एकोणिसाव्या शतकांत अनेक टांकसाळींत सालाचे अंक ठशावर सुट्या पंचांनीं हातानें ठोकीत. तेव्हां नुसता अंकच दुणावला असेल, तर त्यास अंकाचें पुनर्मुद्रण म्हणावें. त्याला संपूर्ण दुहेरी ठसा म्हणूं नये.

आतां रुपयांकडे वळूं. १८६२ हें साल त्याच वर्षीं पाडलेल्या रुपयांवर आहे असें नाहीं. तें पुढें अनेक वर्षें तसेंच राहिलें, आणि १८७४ पासून प्रत्यक्ष सालें येऊं लागलीं. मधल्या काळांतील मुंबईच्या टांकसाळीचे रुपये मागील बाजूच्या बारीक बिंदूंवरून वर्षवार लावितात. अर्थात् एक बिंदू अधिक मोजला कीं रुपयाचें वर्ष बदललें. टिपणकारांचा 'नवा' बिंदू आम्हीं तीन वेळां पाहिला. तो बिंदू नव्हेच. शेजारच्या बिंदूची रेटलेली कड आहे. ती सपाट असून नाण्याच्या पृष्ठापासून जेमतेम उठलेली आहे, आणि त्याच दिशेस त्या बाजूवरील इतर अक्षरांच्या कडाही रेटल्या आहेत. याच बिंदुसंख्येचा दुसरा रुपया दाखवितां येईपर्यंत हा प्रकार नोंदूं नये. चारांपैकीं एका रुपयावर सालाचा शेवटचा अंक मात्र खरोखर दोनदां ठोकलेला दिसतो. त्यास टिपणांत अर्धी ओळही मिळालेली नाहीं, हें नवल! पाव आण्याविषयीं बोलण्यासारखें कांहीं नाहीं. त्याचा ठसा जुना झाला होता, इतकेंच.

शिवरायांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे ठसे हातानें कोरलेले. तेथें हब नाहीं, म्हणून हबाचा दुसरा दाबही संभवत नाहीं. ऐरणीवरील ठशावर तांब्याची चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा धरावयाचा आणि हातोडा मारावयाचा. एका घावानें न भागलें तर दुसरा. मध्यंतरीं चकती हलली तर 'छत्रपति' हीं अक्षरें एकमेकांवर चढतात, आणि पहिल्या घावाचा ठसा दुसऱ्याखालीं अर्धवट चेपला जातो. नऊपैकीं आठ नाणीं स्पष्टपणें या जातीचीं आहेत. नववें आधींच्या कोणत्या तरी नाण्यावरच पुन्हां ठसा मारलेलें असावें असा आम्हांस संशय येतो, कारण खालून डोकावणारी रेघ शिवराईच्या कोणत्याच अक्षरांत बसत नाहीं. या एका नाण्यावर टिपणकारांनीं स्वतंत्र परिश्रम करावे. त्यांचा खरा लाभ तेथें आहे.

हा काथ्याकूट रुपयापैशापुरता नाहीं. याच जिल्ह्यांत मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा येथें १९३९ सालीं सातवाहनांच्या पोटिन धातूच्या नाण्यांचा दीड हजारांहून मोठा निधि सांपडला. त्याचें वाचन म. म. वा. वि. मिराशी यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि अशीं नांवें आलीं. तीं पुराणांतील राजावलींत नाहींत. म्हणजे त्या राजांचें अस्तित्व नाण्यांवरील अक्षरांवर उभें आहे. तीं अक्षरें ठशाच्या मानानें लहान पडलेल्या चकत्यांवर तुटकीं उमटलेलीं आहेत. ब्राह्मी लिपींत क म्हणजे एक फुली. तिच्या पायथ्याशीं उजवीकडे आडवी रेघ आली कीं कु झाला. ती रेघ ठशांतील कीं दुसऱ्या घावाची, हें एका नाण्यावरून कोणालाच सांगतां येणार नाहीं. अनेक नाण्यांवरचे तुकडे जोडून जें वाचन सिद्ध होतें तेंच टिकतें, आणि मोठ्या निधीचें मोल तेवढ्यासाठींच. निधि फुटून एकेक नाणें एकेका संग्रहीं गेलें, कीं ही ताडून पाहण्याची सोयच नष्ट होते. आमचे स्नेही या भागांतून सातवाहन नाणीं मिळविण्याच्या खटपटींत आहेत असें कळतें. त्यांनीं नाण्याबरोबर तें कोणत्या गांवीं, कोणत्या इतर नाण्यांसह मिळालें, ही नोंद अवश्य ठेवावी, आणि निधीची वार्ता लागल्यास ती सरकारी पुरातत्त्व खात्यास कळवावी.

टिपणाचें शीर्षक बदलून 'दुणावलेल्या मुद्रणाचीं चौदा नाणीं' असें करावें, बिंदूचा परिच्छेद गाळावा, आणि प्रत्येक नाण्याचें वजन द्यावें. तें एकाही ठिकाणीं दिलेलें नाहीं. नाणीं आम्हीं सुरक्षित परत केलीं आहेत. नववी शिवराई मात्र आणखी एकदां, सकाळच्या तिरप्या उन्हांत, पाहावयास मिळाली तर बरें होईल.